लेकीला नाट्यशास्त्रात पदवी करायचीय. खान्देशातल्या घरानं काय काय बघावं?

केळीबाग | सोमवार, रात्री 9:40
नमस्कार मंडळी. इथे आठ-दहा वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आम्ही रावेर तालुक्यातले. केळी, थोडा कापूस. थोरली यंदा बारावी सायन्सला. मागच्या आठवड्यात जेवताना म्हणाली, "पप्पा, नीटची परीक्षा मी तुमच्यासाठी देते. मला स्वतःला नाट्यशास्त्रात पदवी करायचीय." तिच्या मम्मीचा भाकरी थापता थापता हात थांबला. आजी म्हणाली, "नाटकाची पन डिग्री असते का?" खरं सांगतो, मलाही तेच विचारायचं होतं.

पोरगी उथळ नाही. दहावीला 91 टक्के आहेत. शाळेपासून नाटकं करते, सगळी स्वतःच्या हिमतीवर. रागावून झालं, लाडीगोडी लावून झाली. आता तिनेच मला गृहपाठ दिलाय : "आधी माहिती काढा, मग नाही म्हणा."

तर काढतोय. तीन-चार वर्षं हे लोक शिकवतात तरी काय? सिनेमा-मालिकांत जायचं तर नाटकाची पदवी कशाला? जळगावात सोय आहे का, की पुण्या-मुंबईलाच पाठवावं लागतं? आणि पुढे पोटाचं काय?

केळीला मी वर्षभर थांबतो, आणि मे महिन्यातल्या एका वावटळीत अख्खी बाग आडवी झालेली पाहिलीय. तेव्हा धोक्यावरचं प्रवचन नको. रोप कुठलं, पाणी किती, एवढं सांगा.

शेवभाजी_स्पेशल | सोमवार, रात्री 9:52
जागा पकडून बसलो. पॉपकॉर्नऐवजी बिबड्या.

भुसावळ_जंक्शन | सोमवार, रात्री 10:15
साहेब, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बी.एस्सी. करू द्या, बी.फार्म. करू द्या. नाटक संध्याकाळी करता येतं. आमच्या रेल्वेत कितीतरी जण ड्युटी सांभाळून स्पर्धांना उतरतात आणि बक्षिसं घेऊन येतात. एक तारखेला पगार आणि नोव्हेंबर आला की राज्य नाट्य स्पर्धा. याहून सुखी नट मी पाहिलेला नाही.

तापीकाठची | सोमवार, रात्री 10:31
+१. आणि मुलीची जात आहे, रात्री-बेरात्रीच्या तालमी असतात, हेही बघा. (मुलीची जात हा शब्द लिहून मलाच कसंतरी झालं, पण आई म्हणून लिहिलं.)

विंगेतली | सोमवार, रात्री 11:20
@भुसावळ_जंक्शन, तुमचा सुखी नट मलाही आवडतो. पण दादांनी विचारलंय की शिकवतात काय, आणि त्याला अजून कुणी हात लावलेला नाही.

मी पारोळ्याची. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक घेऊन बी.ए. केलं. घरून निघताना वाटत होतं, गेल्या गेल्या भूमिका मिळेल. पहिले काही महिने मी जमिनीवर पडून श्वास घेत होते. खरंच. उताणं पडायचं, पोटावर पुस्तक ठेवायचं आणि ते वर-खाली होतंय का ते बघायचं. बाबांचा फोन आला, "आज काय शिकलीस?" म्हटलं, "श्वास." ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग हळूहळू उलगडत गेलं. सकाळी शरीर आणि आवाज, दुपारी वही-पेन, संध्याकाळी तालीम असा साधारण साचा असतो. वही-पेनवाल्या तासात भरतमुनींचे चार अभिनय येतात : आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), सात्त्विक (भावाचा), आहार्य (वेश-रंगभूषेचा). संस्कृत नाटक, ग्रीक नाटक, मराठी रंगभूमीचा इतिहास. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्स्की येतो, जो विचारतो की या माणसाच्या जागी मी असते तर काय केलं असतं. मग जर्मन नाटककार ब्रेख्त येऊन म्हणतो की प्रेक्षकाला इतकं गुंगवू नका की तो विचार करायचाच थांबेल. या दोघांचं भांडण समजायला मला दुसरं वर्ष उजाडावं लागलं.

आणि हातांनी करायची कामं. फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) ठोकणं, लेव्हल (स्टेजवरचे चौथरे) उचलणं, दिव्यांच्या तोंडाला रंगीत जिलेटिन लावणं, डिमरवर (दिवे कमी-जास्त करायच्या यंत्रावर) बसून दुसऱ्याच्या वाक्याची वाट बघणं. रंगभूषेच्या प्रात्यक्षिकात मला माझ्याच वर्गातल्या मुलाचा सत्तरीचा म्हातारा करायचा होता. मी सुरकुत्या इतक्या गडद काढल्या की मास्तर म्हणाले, "याला भूकंपग्रस्त म्हणून मदत मिळेल." तेव्हा कळलं की सुरकुती रेघेनं होत नाही, उजेड-सावलीनं होते.

थोडक्यात, तिथे नट घडवतात म्हणण्यापेक्षा नाटकवाला घडवतात. आमच्या वर्गातले निम्मे लोक आज अभिनय करतच नाहीत. कुणी प्रकाशयोजना करतं, कुणी शाळांमध्ये नाटक शिकवतं, एक जण मालिका लिहितो आणि आमच्यापैकी सगळ्यात मोठं घर त्याचं आहे.

केळीबाग | मंगळवार, सकाळी 6:10
विंगेतली ताई, आजीला वाचून दाखवलं. ठोकाठोकी शिकवतात म्हटल्यावर तिचा विरोध निम्म्याने कमी झाला. म्हणे, "मंग माही खाट नीट करून दील."

श्वासाचं मात्र मी घरात सांगितलेलं नाही. त्यासाठी फी भरायची म्हटलं तर मम्मी माझाच श्वास बंद करेल.

तिसरी_घंटा | मंगळवार, सकाळी 8:45
चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढली. राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून सुरू आहे, आणि या स्पर्धेनं मराठीला जेवढे नट दिले, त्यातल्या बहुतेकांनी पदवी-बिदवी काही घेतली नव्हती. कापड दुकानात मापं घेणारे, पोस्टात शिक्के मारणारे लोक होते ते. रात्री 10 ला तालीम सुरू, 2 ला घरी, सकाळी परत दुकान.

अलीकडे नाट्यशास्त्र विभागातून आलेली पोरं भेटतात. 'सबटेक्स्ट' म्हणतात, 'स्पेस' म्हणतात. आणि बोलायला लागली की चौथ्या रांगेत ऐकू येत नाही. एका शहरातल्या नाट्यगृहात प्रयोग होता. पंखे खडखडत होते, माइक बंद पडले, मेकअप रूममध्ये पाणी नाही. आमच्यातला पोस्टमन शेवटच्या खुर्चीपर्यंत पोहोचला. पदवीवाला माइकच्या वायरकडे बघत राहिला.

नाटक नाटक करूनच शिकतात. पोहायला शिकायला तापीतच उतरावं लागतं.

विंगेतली | मंगळवार, सकाळी 9:30
काका, मान्य. पण तुमचा पोस्टमन कुणाला शिकवून गेला का? त्याचा आवाज त्याच्याबरोबरच गेला ना? आणि त्या चाळीस वर्षांत तुमच्या तालमींना किती मुली होत्या, तेही सांगा. रात्री 2 ला घरी जाणं पोस्टमनला जमतं. माझ्या घरच्यांनी मला तालमीला पाठवलं ते 'कॉलेज आहे' म्हणून. @तापीकाठची, पदवीचा हाही एक उपयोग असतो बघा.

शेवभाजी_स्पेशल | मंगळवार, सकाळी 9:33
तिसरी घंटा वाजली. पडदा उघडला.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी 1:05
मी एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यामुळे कलेवर न बोलता कागदांवर बोलतो. बऱ्याच पालकांचा इथेच गोंधळ होतो.

बारावीनंतर लगेच : जळगावात मू. जे. महाविद्यालयात नाट्यशास्त्र विभाग आहे. पुण्यात ललित कला केंद्र, 1987 पासून. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, जुना आणि नावाजलेला. कोणत्याही शाखेची बारावी चालते का, प्रवेश परीक्षा कधी, हे त्या त्या विभागाला फोन करूनच विचारा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांवर जाऊ नका.

पदवीनंतर : मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स (2003 पासून) पदव्युत्तर आहे, तिथे बारावीवर जाता येत नाही. दिल्लीची एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय) 1959 ची. तिथेही आधी पदवी लागते, वर किमान 6 नाटकांत काम केल्याचं दाखवावं लागतं, आणि तीन वर्षांनी हातात पडतो तो डिप्लोमा. पुण्याची एफटीआयआय (सिनेमा-टीव्हीचं शिक्षण देणारी संस्था) 1960 पासून प्रभात स्टुडिओच्या जागेत आहे. तिथल्या पडद्यावरच्या अभिनयाच्या कोर्सलाही आधी पदवी. म्हणजे 'बारावी झाली की थेट एनएसडी' असं कुणी सांगितलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

नव्या शैक्षणिक धोरणात पदवी 4 वर्षांची झालीय. 3 वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर उभं राहायला जागा नसते. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या तरुण कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे, महिना 5,000, दोन वर्षं. पण त्यात आधीचं काही वर्षांचं प्रशिक्षण दाखवावं लागतं, त्यामुळे ती पुढची गोष्ट.

आणि पोटाचं विचारलंत म्हणून : एम.ए. नंतर प्राध्यापकीसाठीची नेट देता येते, त्यात नृत्य-नाटक-रंगभूमी असा विषय आहे. जागा किती निघतात ते विचारू नका, आमच्याकडे रसायनशास्त्राच्याही निघत नाहीत.

केळीबाग | मंगळवार, दुपारी 1:40
हिशेबनीस साहेब, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून फ्रिजवर लावलीय. एनएसडीला थेट जाता येत नाही हे थोरलीला माहीत होतं. मला नव्हतं.

अहिराणी_भो | मंगळवार, सायंकाळी 7:15
भो, तुनी आंडेरले जाऊ दे. नाटक शिकाले बी अक्कल लागस.

पण एक सांगून ठेवतो, आता सगळ्यांना कळेल अशा भाषेत. मी दोन वर्षं असल्याच एका कोर्सला होतो. पहिल्याच दिवशी ओळख करून द्यायची होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मी जयगावचा." वर्ग हसला. आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो, जळगावचं जयगाव, डोळ्याचा डोया. मास्तरांनी हसू दिलं, स्वतःही हसले. मग दोन वर्षं मला नोकर, हवालदार आणि शेतकरी एवढंच मिळालं. शेतकऱ्याचं काम चांगलं केलं, पण तो शेतकरी विनोदीच असायचा. आत्महत्या करणारा शेतकरी शुद्ध बोलायचा.

पोरीला कुठेही पाठवा. आधी तिथे जाऊन बघा, 'ळ'वर कोण हसतंय.

सातपुडा | मंगळवार, सायंकाळी 7:48
शेवटच्या वाक्याला उभं राहून टाळ्या.

अंधेरी_स्लो | मंगळवार, रात्री 11:58
अमळनेरचा आहे. संभाजीनगरला नाट्यशास्त्र केलं, 2015 पासून मुंबईत. सिनेमा-मालिकांच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. आत्ताच डबिंगवरून आलोय.

वर्सोव्याला आराम नगर म्हणून भाग आहे. जुनी बैठी घरं, त्यात कास्टिंगची ऑफिसं. सकाळी 11 पासून पोरं रांगेत. आत गेलं की नाव, उंची सांगायची, डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं, दोन वाक्यं बोलायची. बाहेर आलं की 'नॉट फिट'. कारण कुणी सांगत नाही. पहिल्या वर्षी मी वहीत लिहून ठेवत होतो : 143 ऑडिशन, 4 कामं. त्यातल्या दोनात मी वॉर्डबॉय. मालिकेचे पैसे 90 दिवसांनी येतात हा तिथला रिवाज. एका निर्मात्याकडचे अजून यायचेत, आता ते मी विसरलोय.

पदवीचा उपयोग काय झाला? ऑडिशनला कुणीही पदवी विचारली नाही. एकदाही नाही. पण :

आवाजानं जगवलं. दोन वर्षं भाडं डबिंगवर निघालं. ओठांच्या हालचालीत वाक्य बसवायचं आणि भावही सोडायचा नाही, हे वाचिक अभिनयाच्या तासाशिवाय मला जमलं नसतं.

खोलीत आम्ही पाच जण, पाचही एकाच विभागातले. एकाला काम लागलं की बाकीच्यांना किराणा. एकटं आलेलं पोरगं तीन महिन्यांत परततं. आपल्यामागे एक बॅच असणं हे सर्टिफिकेटवर लिहिलेलं नसतं.

आणि जे शिकवलं नव्हतं ते इथे ठेचा खाऊन शिकलो. नाटकात शेवटच्या रांगेसाठी बोलायचं. इथे कॅमेरा तुमच्या पापणीपाशी असतो. पहिल्या क्लोजअपमध्ये माझी भुवई अशी उडत होती की दिग्दर्शक म्हणाला, "भाऊ, भुवईला वेगळं मानधन मिळणार नाही." जमिनीवर चिकटपट्टीची खूण असते, खाली न बघता बरोबर तिथे येऊन थांबायचं. मास्टर शॉटमध्ये (अख्खा प्रसंग एकदम टिपतात त्यात) चहाचा कप ज्या शब्दाला उचलला, त्याच शब्दाला पुढच्या आठही टेकना उचलायचा, नाहीतर संकलक शिव्या घालतो. आणि बऱ्याचदा शेवट आधी चित्रित होतो, म्हणजे नवरा मेल्याचं सकाळी 10 ला रडायचं आणि त्याच्याशी ओळख दुपारी 3 ला. तालमीत नाटक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळीसदा गेलेलं असलं, तर हे तुकडे डोक्यात जोडता येतात. म्हणून म्हणतो, आधी स्टेज. कॅमेऱ्याचं नंतर शिकता येतं, उलटं फार अवघड जातं.

दादा, पोरीला आजपासून एक सवय लावा. आठवड्याला एक उतारा फोनवर रेकॉर्ड करायचा. पांढरी भिंत, खिडकीसमोर तोंड, फोन आडवा. आता पहिल्या फेरीची निम्मी ऑडिशनं अशीच घरून जातात, रावेरहूनही जातात. आणि ऑडिशनसाठी, 'पोर्टफोलिओ'साठी, 'कार्ड'साठी कुणीही पैसे मागितले की फोन ठेवायचा. खरं काम देणारा पैसे मागत नाही.

भुसावळ_जंक्शन | बुधवार, सकाळी 7:20
143 मध्ये 4. आमच्या तत्काळ तिकिटाचा दर बरा म्हणायचा.

गिरणाकाठ | बुधवार, सकाळी 10:02
आपल्या खान्देशचीच स्मिता पाटील बघा की! शिरपूरची. एफटीआयआयमध्ये शिकली आणि कुठल्या कुठे गेली.

विंगेतली | बुधवार, सकाळी 10:20
घराणं शिरपूरचं, जन्म पुण्याचा. आणि ती एफटीआयआयची विद्यार्थिनी नव्हती. तिथे ऊठबस इतकी होती की लोकांना तसं वाटायचं. दूरदर्शनवर बातम्या वाचायची.

तिसरी_घंटा | बुधवार, सकाळी 10:24
म्हणजे पदवी नव्हती. धन्यवाद.

विंगेतली | बुधवार, सकाळी 10:26
काका!

सातपुडा | बुधवार, दुपारी 3:30
नवापूरहून. आम्हा नंदुरबारवाल्यांना कुणी मोजतच नाही, म्हणून दोन गोष्टी.

एक, बडोदा. सयाजीराव विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्सची स्वतंत्र फॅकल्टी आहे, त्यात नाट्यविभाग. मूळ 1886 ची गायनशाळा. आमच्याकडून सुरतमार्गे बडोदा मुंबईपेक्षा जवळ पडतं. शिकवणं मराठीतून नाही हे खरं, पण नंदुरबारच्या पोरांना गुजराती कुणी शिकवावी लागत नाही. आणि ते सयाजीराव मुळात मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचे. आपल्याच शिवारातलं पोरगं तिकडे जाऊन राजा झालं, तर आपल्या पोरांनी तिथे शिकायला काय हरकत आहे?

दोन, चार अभिनय वाचून हसू आलं, कारण 'आहार्य' हा शब्द मला कॉलेजात कळला आणि गोष्ट मी लहानपणापासून बघत होतो. अक्कलकुव्यात काठीच्या होळीला जा एकदा. अंगभर राखेची नक्षी काढलेले बुध्या, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे. रात्रभर नाचतात. त्याआधी कडक नेम पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. आमच्या एका प्राध्यापकांनी 'भूमिकेची तयारी' शिकवताना परदेशी नटांची उदाहरणं दिली. मी हात वर करून म्हटलं, माझा मामा दरवर्षी हे करतो. ते म्हणाले, "मग पुढचा तास तू घे." घेतला. आयुष्यातला पहिला तास. इकडे सोंगाड्या पार्ट्या आहेत, तिकडे वहीगायन आहे. पोरीनं हे बघून मग पुस्तक उघडलं तर तिला दुप्पट कळेल.

चाळीसगाव_फलाट | बुधवार, सायंकाळी 6:11
अवांतर : प्रकाशयोजनेचा विषय निघाला म्हणून. जळगावला येता-जाता चाळीसगावी उतरून केकी मूस यांचं घर-संग्रहालय बघा. हा माणूस विलायतेत फोटोग्राफी शिकून आला आणि उरलेलं आयुष्य एका बंगल्यात काढलं. टेबलावर कापूस, काड्या, रांगोळी मांडून, दिवे सरकवून असे फोटो काढले की ते हिमालयाचे वाटावेत. 1989 मध्ये गेले. रोज रात्री पंजाब मेलची वेळ झाली की दार उघडून कुणाची तरी वाट बघायचे म्हणतात. उजेड कुठून टाकला की काय दिसतं हे शिकायला तेवढी एक दुपार पुरते.

शेवभाजी_स्पेशल | बुधवार, सायंकाळी 6:20
पंजाब मेलवरच एकपात्री होईल. हक्क माझे राखीव.

तिसरी_घंटा | गुरुवार, पहाटे 5:05
रात्री झोप लागली नाही. अहिराणी_भोचा प्रतिसाद डोक्यातून जाईना.

1990 च्या आसपासची गोष्ट. पाचोऱ्याकडचा एक पोरगा तालमीला यायचा. सायकलवरून. उंच, डोळे बोलके, आणि आवाज असा की शेवटची रांग काय, बाहेरचा पानवाला वळून बघायचा. त्याच्या वाक्यात 'काळोख' होतं. तो 'कायोख' म्हणायचा. मी सगळ्यांसमोर त्याला उभं केलं आणि पंचवीसदा म्हणायला लावलं. मोजत होतो. बाकीचे हसत होते. पंचविसाव्यांदा तो बरोबर म्हणाला. दुसऱ्या दिवशीपासून आला नाही.

त्याचं आता कांद्या-बटाट्याचं दुकान आहे. मी तिथूनच घेतो. गिऱ्हाइकाशी काय बोलतो, काय थांबतो, काय टाळी घेतो! माझ्याकडून पैसे घेताना मात्र गप्प असतो. इतक्या वर्षांत विषय काढायची माझी हिंमत झालेली नाही.

मला कुणी आवाजाचा तास शिकवला असता, तर 'ळ' जिभेनं कसा होतो हे मला समजावता आलं असतं. जीभ मागे वळवून टाळूला लावायची, बस. मला फक्त 'परत म्हण' एवढंच येत होतं.

विंगेतली | गुरुवार, सकाळी 7:40
काका. यावर काय लिहावं कळत नाही.

फक्त एवढं सांगते की मलाही हेच होतं. आमच्या आवाजाच्या बाईंनी एकाच उताऱ्याचं दोनदा वाचन करायला लावलं. एकदा पुस्तकात आहे तसं आणि एकदा 'तुझी आजी सांगेल तसं'. दुसऱ्या वाचनाला माझे हात आपोआप हलायला लागले. बाई म्हणाल्या, हे हात आता पहिल्या वाचनात घेऊन ये. 'ळ' पुढे महिन्याभरात आला. 'य'ही शाबूत आहे. माहेरी फोनवर अजून डोयेच दुखतात.

अहिराणी_भो | गुरुवार, सकाळी 8:02
काका, दुकानावर जा. कांदे लागत नसले तरी जा.

व्यवस्थापक | गुरुवार, दुपारी 12:00
'अहिराणी, तावडी की लेवागणबोली' या वादाचे 17 प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया तिकडे भांडावे.

तापीकाठची | गुरुवार, दुपारी 12:40
@विंगेतली, परवा मी जे लिहिलं त्यावर विचार करतेय. माझी धाकटी आठवीत आहे. युवारंग या युवक महोत्सवाला विद्यापीठात मूकनाट्य बघून आली, तेव्हापासून घरात कुणाशी बोलत नाही, नुसते हातवारे करते. तूर्तास शांतता आहे.

केळीबाग | पंधरा दिवसांनी, रविवार, रात्री 8:30
उशिराबद्दल माफी, काढणी चालू होती.

दोन ठिकाणी जाऊन आलो. एक जवळचं, एक लांबचं. नावं लिहीत नाही, दोन्हीकडे प्रवेश व्हायचाय. हिशेबनीस साहेबांची यादी नि तुम्हा सगळ्यांचे प्रश्न वहीत लिहून नेले होते. वर्षात किती प्रयोग होतात? तालमीची जागा स्वतःची आहे की हॉल मागावा लागतो? रात्री मुली कशा परततात? दिव्यांना मुलांना हात लावू देतात का, की कपाटात कुलूपबंद? एका ठिकाणी हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर सर गप्प झाले. दुसरीकडे एक मुलगी शिडीवर चढून दिवा बांधत होती, मला म्हणाली, "काका, जरा शिडी धरा." अर्धा तास धरली.

आता थोरलीला लिहायचंय म्हणते. देतो.

केळीबाग | रविवार, रात्री 8:55
नमस्कार. पप्पांच्या आयडीवरून मी थोरली.

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. तिसरी घंटा आजोबा, तुमचा दोनदा. अंधेरी स्लो दादा, रोज एक उतारा करतेय, पण आमच्याकडे पांढरी भिंत नाही. केळीच्या खोक्यांवर आजीचं पातळ लावलंय.

ज्या विभागात पप्पांनी शिडी धरली, तिथली प्रवेशाची चाचणी झाली. तयार केलेला उतारा म्हटला. बरा गेला असावा, कुणी काही बोललं नाही. मग एका सरांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं? त्यांच्यातलं कुणीतरी करून दाखव." मला पप्पा येतात, पण पप्पा बाहेरच उभे होते. म्हणून मी केळीचा व्यापारी केला. तो बागेत येतो, घडाला हात लावतो आणि तोंड वाकडं करतो. बोर्डाचा भाव काहीही असो, "माल बारीक शे" म्हणतो आणि दोनशेनं खाली मागतो. मग फोन आल्यासारखं करून लांब जातो, म्हणजे पप्पा घाबरावेत. मी केयीच म्हणाले, केळी नाही. मुद्दाम नाही, तसंच आलं. कुणी हसलं नाही. नंतर हसले, पण ते फोनच्या जागी, जिथे हसायचं होतं तिथे.

बाहेर आल्यावर कळलं की पप्पा दाराला कान लावून होते. म्हणाले, "तो फोन डाव्या हातात धरतो." आणि तिथेच व्हरांड्यात करून दाखवलं. माझ्यापेक्षा चांगलं केलं. आजी म्हणते, 1988 पासून गावच्या गणपतीत यांनी सलग तीन वर्षं स्त्रीपार्ट केलाय, लुगडं तिचंच होतं. हे आम्हाला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नव्हतं.

शेवभाजी_स्पेशल | रविवार, रात्री 8:58
फोटो. फोटो. फोटो.

विंगेतली | रविवार, रात्री 9:04
दादा, धागा काढताना हे का लपवलंत?

केळीबाग | रविवार, रात्री 9:30
कुणी विचारलं नाही म्हणून. फोटो आहे, पण तो आजीच्या पेटीत आणि किल्ली तिच्या कमरेला. खाट नीट झाल्याशिवाय देणार नाही म्हणते.

तिसरी_घंटा | रविवार, रात्री 9:41
पोरी, व्यापाऱ्याचा फोन डाव्या हातात, हे बरोबर आहे. उजवा घडावर असतो.

मी शुक्रवारी दुकानावर गेलो होतो. दोन किलो कांदे घेतले. म्हटलं, "नोव्हेंबरात एक करतोय, म्हातारा आहे त्यात, बोलीतला." तो काही बोलला नाही. कांदे मात्र अडीच किलो घातले.

हिशेबनीस | रविवार, रात्री 10:10
निकाल कधी? आणि उत्पन्नाचा दाखला काढला का?

केळीबाग | रविवार, रात्री 10:22
थोरली लिहितेय. निकाल पुढच्या आठवड्यात. दाखल्याला उद्या जाणार आहेत. तोवर पप्पांनी मला नीटची उत्तरं ताडून बघायला बसवलंय. बायोलॉजीत बरेच मार्क दिसतायत, पण त्यांना अजून सांगितलेलं नाही.

शेवभाजी_स्पेशल | रविवार, रात्री 10:25
ते हा धागा वाचतात, ताई.